दुबार मॅडम

चूक समन्वयकाची होती, आणि ती इतकी साधी होती की कुणाला सांगतानाही लाज वाटावी. बटण बंद करायचं राहिलं, एवढंच. जगात रोज कितीतरी बटणं बंद करायची राहतात. कुणाचा दिवा जळत राहतो, कुणाच्या टाकीतून पाणी वाहत राहतं. समन्वयकाचं राहिलं ते वर्गातल्या कॅमेऱ्याचं, आणि त्यातून जे वाहिलं ते थेट परदेशात जाऊन पोचलं.

झालं असं, की पहिला तास संपता संपता त्याच्या बायकोचा फोन आला. घरी नळवाला आला होता आणि गळती नेमकी कुठे आहे असं विचारत होता. गळती नेमकी कुठे आहे हे समन्वयकाला माहीत असतं तर नळवाल्याला बोलावलंच कशाला असतं. पण संसारात असली वाक्यं मनातल्या मनात म्हणायची असतात. तो "हो, हो, बघतो" करत वर्गाबाहेर गेला, बोलत बोलत जिन्यात गेला, आणि गळती सापडेपर्यंत वर्गातला दुसरा तासही अख्खाच्या अख्खा रेकॉर्ड झाला. संध्याकाळी त्याने ती फाइल नेहमीसारखी न बघताच तिकडे पाठवून दिली आणि हलक्या मनाने घरी गेला.

तिकडे म्हणजे परदेशी विद्यापीठात. या कॉलेजात व्यवसाय व्यवस्थापनाची जी पदवी मिळते ती तिकडची. मुलं इथली, बाकं इथली, कुरकुरणारे पंखे इथले, शिकवणाऱ्या मॅडम इथल्या. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि शेवटी हातात पडणारा कागद मात्र तिकडचा. दोन्हींची मोट बांधून ठेवायला एक माणूस नेमलेला, तो आपला समन्वयक. त्याच्या दारावर 'समन्वयक (आंतरराष्ट्रीय)' अशी पाटी आहे. त्याचा पासपोर्ट त्याने हौसेने काढला होता, तो अजून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा करकरीत आहे.

करारात दोन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. शिकवायचं ते फक्त इंग्रजीत, आणि शिकवणाऱ्याला तिकडच्या विद्यापीठाची परवानगी हवी. ती परवानगी ते देतात, आणि वाटलं तर काढूनही घेतात. म्हणून प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग तिकडे जायचं. मॅडम पहिला तास अगदी करारात लिहिल्याप्रमाणे घ्यायच्या. मग समन्वयक बटण बंद करायचा, मॅडम दार लोटून घ्यायच्या, आणि तोच धडा पुन्हा पहिल्यापासून आपल्या भाषेत शिकवायच्या. वेळापत्रकात त्या तासापुढे 'वाचनालय' असं लिहिलेलं होतं. वाचनालयात त्या वेळी चिटपाखरू नसायचं. कॉलेजात हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलं मॅडमना 'दुबार मॅडम' म्हणायची. मॅडमना तेही ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तिकडच्या सरांची मेल आली.

तिकडचे सर हे या अभ्यासक्रमावर लक्ष ठेवणारे प्राध्यापक. माणूस लोण्यासारखा मऊ. त्यांची भाषा समजायला समन्वयकाला पहिलं वर्ष खर्ची घालावं लागलं होतं. सर 'हे रोचक आहे' म्हणाले की ते चुकलंय असं समजायचं. 'तुम्हाला कदाचित विचार करावासा वाटेल' म्हणजे उद्याच्या आत बदला. 'माझी एक अगदी किरकोळ शंका आहे' असं वाक्य आलं की संचालकांना फोन करून ठेवायचा. या वेळच्या मेलमध्ये होतं, की तुमच्या तासाचा दुसरा भाग मी मोठ्या कुतूहलाने पाहिला, त्याविषयी थोडं बोलूया का, आमच्या गुणवत्ता विभागातल्या एक सहकारीही असतील.

'मोठ्या कुतूहलाने' वाचून समन्वयकाच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने फाइल उघडली. पहिल्या तासात मुलं मातीच्या मूर्तींसारखी बसलेली. मग मॅडमचा हात दाराकडे जातो, दार लागतं, आणि मूर्तींमध्ये प्राण येतो. कुणी बाकावर चढून बसतंय, कुणी मॅडमचं वाक्य अर्ध्यात तोडतंय, मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज समन्वयकाने आजवर ऐकलेलाच नव्हता, ती हात नाचवत कुणाला तरी वेड्यात काढतेय. आणि मधोमध मॅडम, करारातली एकूण एक अट धाब्यावर बसवून, आपल्या भाषेत म्हणताहेत, "अरे, पण जूननंतर तुझा काका त्या कपड्यांचं करतो काय? लोणचं घालतो?"

हे 'दुबार' प्रकरण सुरू कसं झालं तेही सांगायला हवं, नाहीतर मॅडम उगाच बंडखोर वाटायच्या. त्या बंडखोर नाहीत. त्यांच्या अंगात तेवढी ताकदच उरलेली नाही. शिकवायला येण्याआधी त्या प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात विक्री बघायच्या. त्या दिवसांबद्दल फार बोलत नाहीत, पण एकदा म्हणाल्या होत्या, "बादली बरी. भरली की दिसतं तरी."

पहिल्या वर्षी तिकडून एक धडा आला होता. हिरवळ कापायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीची गोष्ट. वसंतात माल हातोहात जातो, बाकी वर्षभर गोदाम भरलेलं, तर कंपनीने काय करावं. मॅडमनी तो सुरेख इंग्रजीत शिकवला. "समजलं?" विचारलं, तर सगळा वर्ग "येस मॅडम" म्हणाला. आता "समजलं?" या प्रश्नाला "नाही" म्हणणं म्हणजे मॅडमचा अपमान, हे मुलांना बालवाडीपासून पढवलेलं. परीक्षेचे पेपर आले तेव्हा कळलं की एकूण एक मुलांनी ही कंपनी गवत कापून विकते असं धरलं होतं. बरोबरच होतं त्यांचं. माणूस यंत्र लावून गवत कापतो ते विकायला नाही तर कशाला? नुसतं आखूड दिसावं म्हणून कुणी गवत कापत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कुणी गठ्ठे बांधायची योजना लिहिली, कुणी गोठ्यांपर्यंत घरपोच चारा. एकाने तर गाईंना गिऱ्हाईक आणि गवळ्यांना मध्यस्थ ठरवून सुंदर आकृती काढली. ते पेपर तपासणीसाठी तिकडे गेले, आणि तिकडच्या परीक्षकाने त्या आकृतीवाल्याला 'व्यवसायाच्या विस्ताराचा धाडसी विचार' असा शेरा देऊन पास केलं. बाकीचे निम्म्याहून जास्त आडवे झाले.

त्यानंतर मॅडम धडा दोनदा शिकवायला लागल्या. पहिल्यांदा हिरवळ, दुसऱ्यांदा गणवेशाचं दुकान. वर्गातल्या एका मुलाच्या काकाचं तसं दुकान होतं. शाळा सुरू होताना तिथे उभं राहायला जागा नसते, आणि नंतर वर्षभर काका पेपर वाचतात. मुलांना गोदाम दिसलं, अडकलेला माल दिसला, काकांचा चेहरा दिसला. मग ती तोंड उघडायला लागली.

पण दोनदा शिकवणं म्हणजे काही एकदा शिकवण्याच्या दुप्पट नसतं. त्याहून बरंच जास्त असतं. पहिल्या तासाला मॅडम ताठ उभ्या राहून बोलायच्या, दुसऱ्या तासाला टेबलाला टेकून, आणि तो संपला की स्टाफरूममध्ये जाऊन खुर्चीत पाठ टाकायच्या आणि काही वेळ कुणाशीच कुठल्याच भाषेत बोलायच्या नाहीत. त्यात पालक. तिकडच्या हिशेबात बासष्ट गुण म्हणजे मुलगा हुशार. ते इथल्या बापाला कोण समजावणार? एक वडील येऊन म्हणाले, "मॅडम, बासष्टच? शाळेत कधी नव्वदच्या खाली आला नाही हो. तुमचं काही चुकलं असेल तर बघा ना, मी कुणाला सांगणार नाही." मॅडमनी त्यांनाही दोनदा समजावलं. ते दोन्ही वेळा मान हलवून गेले, आणि पुढच्या आठवड्यात मुलाच्या मामाला घेऊन आले.

तर समन्वयक मेल घेऊन स्टाफरूममध्ये गेला तेव्हा मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. तो समोर उभा राहिला. बसायचं धैर्य होईना.

"मॅडम, एक घोळ झालाय."

"तुझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. पंखा लाव आधी."

त्याने पंखा लावला आणि सगळं सांगितलं. नळवाला, फोन, जिना, बटण. मॅडम जेवत राहिल्या. मध्ये फक्त एकदा विचारलं, "गळती सापडली का?"

"सापडली. बेसिनखाली."

"चला, कुणाचं तरी भलं झालं."

"मॅडम, परवानगी काढून घेतील ते."

"घेतील."

"मग वर्गावर कुणीच नसेल. करारात लिहिलंय. परवानगीवाला शिक्षक नसेल तर तिकडून रेकॉर्ड केलेले तास लावायचे. भिंतीवर. मुलं भिंतीकडे बघत बसतील. परीक्षा तोंडावर आलीय."

मॅडमचा हात डब्यावर थांबला. "आणि मला कुठे टाकतील?"

"संचालक म्हणत होते, सकाळच्या तुकडीला. पहिल्या वर्षाची हिशेबनीस मंडळी. जमा-खर्च."

"आपल्या भाषेत?"

"हो, ती आपलीच तुकडी. तिकडच्यांचा संबंधच नाही."

"म्हणजे दुपारी घरी," असं काहीतरी मॅडम पुटपुटल्या आणि खिडकीबाहेर सायकलींच्या रांगेकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते समन्वयकाला नीट ओळखता आलं नाही. ते दुःखच असणार असं त्याने धरलं, आणि त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं, की काही झालं तरी या बाईंची परवानगी जाऊ द्यायची नाही.

संध्याकाळी तो त्यांना स्कूटरवर घरी सोडायला गेला. वाटेत सांगायला त्याने तीन युक्त्या योजल्या होत्या. पहिली, ती मधली सुट्टी होती आणि मुलं आपापसात बोलत होती. ("आणि मी फळ्यावर लिहीत होते ते सुट्टीत?") दुसरी, रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची गडबड झाली. ("गडबडीत भाषा बदलते?") तिसरी त्याने सांगितलीच नाही.

दार मॅडमच्या आईंनी उघडलं. त्यांना कमी ऐकू येतं.

"हा कोण गं?"

"ऑफिसातला आहे, आई."

"काय?"

"ऑफिसातला," मॅडम मोठ्याने म्हणाल्या.

"बटणवाला तो?" आई म्हणाल्या. समन्वयकाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी त्याला पाणी दिलं आणि खालच्या आवाजात, म्हणजे त्यांच्या मते खालच्या, पण शेजारच्या घरापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "हिला थोडं कमी बोलायला लाव रे. घरी येते ती नुसती खुणा करते. मला ऐकू येत नाही, आणि ही बोलत नाही. बरं चाललंय आमचं."

मॅडम चप्पल काढता काढता हसल्या. थकलेलं हसणं, पण होतं.

बैठक ठरली ती दुपारी जेवायच्या वेळेला. तिकडे तेव्हा सकाळ होते, तिकडची माणसं ताजीतवानी, कॉफीचे मग हातात. इकडे डबे झाकून ठेवलेले आणि पोटात कावळे. संचालक नवा कोट घालून आले होते. कॅमेऱ्यात फक्त वरचा भाग दिसतो म्हणून पायात रबरी चपला.

पडद्यावर तिकडचे सर उगवले, आणि शेजारच्या चौकोनात गुणवत्ता विभागाच्या बाई. बाईंनी चष्मा पुसला.

"सगळी चूक माझी आहे," तो सरांचं 'सुप्रभात' पुरतं व्हायच्या आत बोलून गेला. "बटण मी..."

"चूक नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मी दर वेळी असंच शिकवते. एकदा तुमच्यासाठी, एकदा मुलांसाठी. या वेळी तुम्हाला दिसलं, एवढंच."

संचालकांनी असा चेहरा केला की जणू या बाई कोण ते त्यांना आत्ताच कळतंय.

"का?" गुणवत्ता बाईंनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, खरंच विचारलं होतं.

मॅडमनी गवत, गाई, गवळी सगळं सांगितलं. आकृतीचा भाग ऐकताना सर इतके हसले की त्यांच्या मगातली कॉफी हिंदकळली. मग ते म्हणाले, "तुमच्या पहिल्या तासाची रेकॉर्डिंगं मी कितीतरी पाहिली आहेत. खरं सांगू? मला झोप यायची. मला वाटायचं, इकडची मुलं शांतच असतात. आमच्याकडे सगळे तसंच समजतात. परवा मला शब्दही कळत नव्हता, पण मी शेवटपर्यंत बघितलं. ती मागच्या बाकावरची मुलगी काय म्हणत होती?"

"काकांनी दुकान बंद करून उरलेलं वर्षभर शिवणाचा क्लास काढावा, असं म्हणत होती."

"उत्तम सल्ला," सर म्हणाले. समन्वयकाने सवयीने त्याचा उलटा अर्थ लावून पाहिला, पण तो लागेना. सर खरोखरच उत्तम म्हणत होते. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने मॅडमकडे बघितलं. त्या टेबलावरच्या आपल्या झाकलेल्या डब्याकडे बघत होत्या.

मग गुणवत्ता बाई बोलल्या. ही पद्धत इतकी चांगली आहे, तर ती अशी दाराआड राहता कामा नये. तिला अभ्यासक्रमात रीतसर जागा मिळाली पाहिजे. मॅडमची परवानगी चालू राहील, नव्हे, आणखी काही वर्षांसाठी वाढवावी असं त्या सुचवतील. दुसऱ्या तासाला नाव द्यावं, त्याची उद्दिष्टं आधी ठरवून पाठवावीत, आणि अर्थातच त्याचंही रेकॉर्डिंग व्हावं, म्हणजे इतर देशांतल्या कॉलेजांना दाखवता येईल. भाषांतर खाली लिहून जोडता येईल का? संचालक प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. भाषांतर कोण लिहिणार हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते माहीत होतं.

"कॅमेरा चालू असला की मुलं बोलत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"होईल सवय," सर प्रेमाने म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दुसरा तास पहिल्यांदाच उजळ माथ्याने झाला. वेळापत्रकातून 'वाचनालय' गेलं आणि 'स्थानिक संदर्भ सत्र' आलं. दार सताड उघडं. समन्वयकाने बटण दोनदा तपासलं. गणवेशवाल्याचा पुतण्या इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"हं, सांग," मॅडम म्हणाल्या. "काकांनी यंदा माल किती मागवला?"

तो उठून उभा राहिला. आजवर त्या तासाला कुणी उभं राहिलेलं नव्हतं. कॅमेऱ्याकडे बघून तो म्हणाला, "गणवेश व्यवसाय हा हंगामी मागणीवर अवलंबून असलेला व्यवसाय आहे." आणि बसला.

"अरे, काका काय म्हणाले ते सांग."

"काका म्हणाले, की मागणी हंगामी असते."

मागच्या बाकावरच्या मुलीने वही तोंडासमोर धरली होती. मॅडमनी तिला नावाने हाक मारली तर ती म्हणाली, "मॅडम, माझंही तेच उत्तर आहे." मॅडम टेबलाला टेकल्या नाहीत. कॅमेऱ्यात टेकलेलं बरं दिसत नाही. त्या तासभर ताठ उभ्या राहून, आपल्याच भाषेत, एकट्या बोलल्या. मग "समजलं?" विचारलं, आणि सगळा वर्ग, आपल्या भाषेतच, "हो मॅडम" म्हणाला.

तास संपला. समन्वयक वायरी गुंडाळत असताना त्याला जिन्यात गलका ऐकू आला. वाकून पाहिलं तर मॅडम पायरीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, आणि वरच्या-खालच्या पायऱ्यांवर सगळा वर्ग. "मॅडम, ते अडकलेल्या मालाचं परत सांगा ना," कुणीतरी म्हणत होतं. पुतण्या सांगत होता की काकांनी यंदा पुन्हा पँटी जास्त मागवल्यात आणि काकूने बोलणं टाकलंय. मागच्या बाकावरची मुलगी म्हणत होती, "तुझ्या काकांना डोकं आहे की हँगर?" मॅडमचा आवाज बसला होता. त्या निम्मं बोलत होत्या, निम्मं हाताने दाखवत होत्या. एकच धडा, एकाच दुपारी, तिसऱ्यांदा.

समन्वयक वरच्या पायरीवर थांबून राहिला. मुलं पांगल्यावर तो खाली उतरला. मॅडम कठड्याला धरून उठत होत्या. त्याने त्यांची पर्स घेतली. दोघं फाटकापर्यंत चालत गेले. मॅडम दर चार पावलांवर घसा साफ करत होत्या. त्याला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. गेले कित्येक दिवस त्याच्या जिवाला जो घोर लागला होता तो आता संपला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून थोडं कर्तृत्व गाजवल्यासारखंही वाटत होतं.

"काही म्हणा मॅडम," तो म्हणाला, "माझ्या चुकीने का होईना, तुमची परवानगी आणखी काही वर्षं पक्की झाली."

मॅडमनी त्याच्या हातातून पर्स परत घेतली.

"पुढच्या वेळी चूक करशील तर नीट कर."